शिरेतून गुंगी देऊन दातांचे उपचार: पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

दाढ ठणकते, गाल सुजतो, तरी लवंगेचं तेल आणि दुखण्याच्या गोळ्या यांवर महिनेच्या महिने काढणारी माणसं थोडी नाहीत. दुखणं सोसेल, पण ती खुर्ची, ड्रिलचा आवाज आणि हिरडीतली सुई नको, असं त्यांचं असतं. अशांना हाताच्या शिरेतून गुंगीचं औषध देऊन उपचार करता येतात. पद्धत जुनी आणि नीट अभ्यासलेली आहे. ती सुरक्षित राहते ती औषधामुळे कमी आणि रुग्णाच्या श्वासावर लक्ष ठेवणाऱ्या माणसामुळे जास्त. क्लिनिक निवडताना हे सगळ्यात आधी बघायचं. हा लेख प्रौढ रुग्णांसाठी आहे. लहान मुलांचे डोस, धोके आणि लागणारी तयारी वेगळी असते, त्यासाठी बालदंततज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांच्याशीच बोलावं.

गुंगी म्हणजे नेमकं काय

तीन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. हिरडीत इंजेक्शन देऊन तेवढाच भाग बधिर करतात, त्यात तुम्ही पूर्ण जागे असता. पूर्ण भूल दिली की माणूस बेशुद्ध असतो आणि श्वासनलिकेची काळजी भूलतज्ज्ञ घेतात. या दोन्हींच्या मधली अवस्था म्हणजे गुंगी. डोळे जड होतात, भीती ओसरते, पण श्वास तुमचा तुम्ही घेत असता आणि "तोंड उघडा", "मान इकडे करा" म्हटलं की तसं करता. बोलावल्यावर ओ देता येणं ही या अवस्थेची खूण. ती गेली तर गुंगी ठरवल्यापेक्षा खोल गेली असं समजायचं, मग रुग्ण कितीही शांत दिसो.

तोंडातल्या कामाला हा फरक फार महत्त्वाचा आहे. पोटाचं ऑपरेशन असेल तर तोंड आणि घसा भूलतज्ज्ञांच्या ताब्यात असतात. इथे डॉक्टरांचे हात, ड्रिलचं पाणी, रक्त, दाताचे तुकडे आणि रुग्णाचा श्वास या सगळ्यांची वाट एकच. जाग असलेला माणूस घशात पाणी उतरलं की खोकतो. गुंगी खोल गेली की तो खोकला उशिरा येतो किंवा येतच नाही, आणि जीभ मागे पडून वाट अडते. म्हणून "तुम्हाला पूर्ण झोपवून करून टाकतो" असं कुणी सहज म्हटलं, तर गुंगी देणार की पूर्ण भूल, हे स्पष्ट विचारा. पूर्ण भूल द्यायची तर ती सुसज्ज रुग्णालयातच. ब्रिटनमध्ये २००१ च्या अखेरीपासून दातांच्या साध्या दवाखान्यात पूर्ण भूल देणं बंदच केलेलं आहे.

आणखी एक गैरसमज जवळजवळ प्रत्येकाचा असतो. गुंगीच्या औषधाने दात बधिर होत नाही. हिरडीतलं इंजेक्शन तरीही द्यावंच लागतं, फक्त ते देताना तुम्हाला त्याची पर्वा वाटत नाही आणि नंतर बहुधा आठवतही नाही.

पायरी १: तुम्हाला याची गरज आहे का

भीती मोजायची सोपी प्रश्नावली आहे. पाच प्रसंग डोळ्यांसमोर आणायचे: उद्या दातांच्या डॉक्टरांकडे जायचंय, बाहेर नंबरची वाट बघत बसलोय, दातावर ड्रिल चालणार आहे, दात साफ करणार आहेत, वरच्या दाढेच्या हिरडीत इंजेक्शन देणार आहेत. अजिबात भीती नाही तर १, प्रचंड भीती तर ५, असे प्रत्येकाला गुण द्या. बेरीज ५ ते २५ च्या मध्ये येते. १९ किंवा त्याहून जास्त आली तर भीती तीव्र आहे, आणि गुंगीबद्दल विचारणं रास्त आहे. तोंडात आरसा घातला तरी उमासे येणाऱ्यांना, आणि आडव्या रुतलेल्या अक्कलदाढा काढायच्या असणाऱ्यांनाही याचा उपयोग होतो.

एका छोट्या फिलिंगसाठी मात्र शिरेत सुई घालण्यात अर्थ नाही. भीती मध्यम असेल तर आदल्या रात्री आणि कामाआधी डॉक्टरांनी दिलेली गोळी, किंवा नाकाने घ्यायचा नायट्रस ऑक्साइड वायू पुरतो. वायूचा परिणाम तो बंद केल्यावर काही मिनिटांत उतरतो, ही त्याची मोठी सोय. तुमची भीती फक्त सुईची असेल, तर हाताच्या पाठीवर लिग्नोकेन-प्रिलोकेनचं (कातडी बधिर करणारं) मलम तासभर आधी जाड थरात लावून वर प्लास्टिकची पट्टी चिकटवायला सांगा. मग सुई जेमतेम जाणवते. मलम दहा मिनिटं लावून पुसलं तर काही उपयोग होत नाही, आणि बहुतेक ठिकाणी घाईत तसंच होतं.

पायरी २: क्लिनिकला काय विचारायचं

महाराष्ट्रात बहुतेक खासगी क्लिनिक भूलतज्ज्ञांना बाहेरून बोलावतात. त्यात गैर काहीच नाही. पण त्यांनी तुम्हाला औषध देण्याआधी भेटून तपासलं पाहिजे. खुर्चीत आडवं झाल्यावर पहिल्यांदा तोंड दिसलं, असं नको. पुढचे प्रश्न संकोच न करता विचारा. चांगल्या डॉक्टरांना त्यांचा राग येत नाही.

- औषध कोण देणार? दात काढणारे डॉक्टर सोडून, माझ्याकडे लक्ष ठेवणारी प्रशिक्षित व्यक्ती कोण?
- बोटाचं ऑक्सिमीटर, रक्तदाबाचं यंत्र, ईसीजी आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र यांपैकी काय काय लावणार?
- ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर, सक्शन (तोंडातलं पाणी-रक्त ओढून घेणारं यंत्र), श्वास देण्याची पिशवी आणि मास्क त्याच खोलीत आहेत का? वीज गेली तर सक्शन चालेल का?
- गुंगीवरचा उतारा, म्हणजे फ्लुमाझेनिल, हाताशी आहे का?
- गरज पडली तर कोणत्या रुग्णालयात नेणार, आणि तिथे पोचायला किती वेळ लागतो?

दुसऱ्या माणसाबद्दलचं उत्तर पक्कं नसेल तर तिथे गुंगी घेऊ नका. दात काढण्यात गुंतलेले डॉक्टर त्याच वेळी छातीची हालचाल बघू शकत नाहीत. शिवाय या औषधाच्या अमलाखाली क्वचित विचित्र, अगदी खरे वाटणारे भास होतात. त्यासाठीही, रुग्ण आणि डॉक्टर दोघांच्या हितासाठी, खोलीत तिसरी व्यक्ती हवी. स्त्री-रुग्णांनी महिला सहायक मागावी, तो तुमचा हक्क आहे.

खर्चाचा आकडा लेखी घ्या. त्यात भूलतज्ज्ञांची फी, औषधं आणि दाताचं काम वेगवेगळं दाखवायला सांगा. ज्यांना दमा, हृदयरोग किंवा असं काही आहे, त्यांनी मोठ्या रुग्णालयाला लागून असलेलं दंत महाविद्यालय गाठणं शहाणपणाचं. मुंबईत नायर, नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळी, या ठिकाणी वैद्यकीय महाविद्यालय शेजारीच आहे.

पायरी ३: सगळं सांगा, घोरण्यासकट

दातांच्या डॉक्टरांना कशाला सांगायचं, म्हणून लोक निम्मी माहिती देत नाहीत. इथे ते महागात पडतं.

घोरणं हा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. झोपेत श्वास अडखळत असेल, दिवसा पेंग येत असेल, मान जाड आणि वजन खूप जास्त असेल, तर गुंगीत जीभ मागे पडायची शक्यता वाढते. स्वतःला हे कळत नाही, म्हणून शेजारी झोपणाऱ्या माणसाला विचारून या.

मिडाझोलाम हे यातलं मुख्य औषध. यकृतातलं एक एन्झाइम ते मोडतं आणि बरीच रोजची औषधं त्या एन्झाइममध्ये ढवळाढवळ करतात. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिनसारखी अँटिबायोटिक्स, फ्लुकोनाझोल, इट्राकोनाझोलसारखी बुरशीवरची औषधं, रक्तदाबासाठीचं डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल, आणि एचआयव्हीवरची काही औषधं चालू असतील तर गुंगी जास्त चढते आणि उशिरा उतरते. क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन किंवा फिट्सवरचं फेनिटॉइन, कार्बामाझेपिन चालू असेल तर परिणाम कमी पडतो. रोज झोपेची किंवा 'टेन्शनची' गोळी घेणारे आणि नेमाने मद्य घेणारे यांना नेहमीचा डोस पुरत नाही. ही गोष्ट लाजून लपवली की डॉक्टरांचा अंदाज चुकतो. घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा. नावं आठवत बसण्यापेक्षा ते बरं.

गर्भार असाल किंवा शक्यता असेल, मायस्थेनिया ग्रॅव्हिस (स्नायू लवकर थकण्याचा आजार) असेल, श्वसनाचा तीव्र आजार असेल, किंवा मिडाझोलामच्या गटातल्या औषधांची ॲलर्जी असेल, तर ही पद्धत टाळतात. अंगावर दूध पाजत असाल तर पुन्हा कधी पाजायचं ते आधीच विचारून ठेवा.

पायरी ४: सही शुद्धीत

संमतिपत्रावर सही औषध देण्याआधी, शक्यतो आदल्या भेटीत करावी. त्यात कोणते दात, काय काम, हे नेमकं लिहिलेलं असावं. रुग्ण बेशुद्ध असताना, जिवाला धोका नसेल तर, ठरलेल्या कामापलीकडचं काम त्याच्या संमतीशिवाय करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या निकालात स्पष्ट केलं आहे. गुंगीतल्या माणसाने दिलेल्या होकारालाही अर्थ नाही. म्हणून "शेजारची दाढही खराब निघाली तर काय करायचं" हे आधीच बोलून, लिहून ठेवा.

एक खूणही ठरवा: दुखलं तर डावा हात वर. रुग्णाला नंतर आठवणार नाही, म्हणून दुखलं तरी चालेल, हा विचार काही ठिकाणी दिसतो आणि तो चुकीचा आहे. हात वर झाला की काम थांबलं पाहिजे आणि बधिर करण्याचं इंजेक्शन पुन्हा दिलं गेलं पाहिजे. खूप सूज-जंतुसंसर्ग असलेली खालची दाढ मुळात नीट बधिर होत नाही, आणि गुंगी वाढवून ती अडचण सुटत नाही.

पायरी ५: उपाशीपोटी, पण नीट

सर्वसाधारण नियम असा की हलकं खाणं ६ तास आधी थांबवायचं, साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. तेलकट, तुपकट जेवण असेल तर ८ तास. पोटात अन्न असेल आणि गुंगीत उलटी झाली तर ते फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून हा नियम. तुमच्या भूलतज्ज्ञांनी वेगळी वेळ सांगितली तर तीच पाळा.

आपल्याकडे घोळ होतो तो चहाचा. दुधाचा चहा, कॉफी, ताक हे पाण्यात मोडत नाही, ते खाण्यात धरायचं. सकाळी 'फक्त अर्धा कप चहा' घेऊन आल्यामुळे काम पुढे ढकलावं लागणं ही रोजची गोष्ट आहे. उपवास असेल तर साबुदाण्याची खिचडी हे खाणंच. तंबाखू, मिसरी, गुटखा, पान त्या सकाळी पूर्ण बंद. मद्य आदल्या दिवसापासून नको.

रक्तदाबाची गोळी सहसा घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात. मधुमेहाचं मात्र स्वतःच्या मनाने ठरवू नका. उपाशीपोटी इन्शुलिन किंवा गोळी घेतली तर साखर खाली जाते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या काही दिवस आधी थांबवाव्या लागू शकतात, आणि वजन-साखरेसाठीचं सेमाग्लुटाइड चालू असेल तर पोट नेहमीपेक्षा उशिरा रिकामं होतं. तुमच्या फिजिशियनला आठवडाभर आधी फोन करा. मधुमेहींनी सकाळची पहिलीच वेळ मागून घ्यावी.

कपडे सैल, बाही कोपराच्या वर सरकेल अशी. नेलपॉलिश काढा. गडद नेलपॉलिश किंवा बोटांवरची काळी मेंदी असली की ऑक्सिमीटर चुकीचा आकडा दाखवू शकतो. लग्नघरातून येणाऱ्यांनी निदान एक बोट कोरं ठेवावं. कॉन्टॅक्ट लेन्स घरी, कवळी असेल तर डॉक्टरांना आधी दाखवा. पायात सपाट चप्पल. खुर्चीत बसायच्या आधी लघवीला जाऊन या.

सोबत १८ वर्षांवरचा, जबाबदार माणूस हवा. सोडून जाणारा आणि फोन केल्यावर येणारा नको, शेवटपर्यंत थांबणारा हवा. परतीला रिक्षा किंवा गाडी ठरवा. दुचाकीवर मागे बसून किंवा लोकलने जायचं नाही.

पायरी ६: खुर्चीत काय होतं

आधी रक्तदाब, नाडी, ऑक्सिजनचे आकडे लिहून घेतात. मग हाताच्या पाठीवर किंवा मनगटाच्या वर २२ नंबरची निळी किंवा २० नंबरची गुलाबी सुई लावतात. कोपराच्या खळगीत शीर मोठी असते, पण तिथे धमनी जवळ असते आणि हात वाकला की सुई हलते, म्हणून हाताची पाठ बरी. सलाईनचे काही मिलिलिटर सोडून सुई शिरेतच आहे ना, हे बघतात. तेव्हा आग झाली किंवा फुगवटा आला तर लगेच सांगा.

मिडाझोलाम एकदम देत नाहीत. निरोगी प्रौढाला पहिलं १ ते २ मिलिग्रॅम सावकाश, मग दीड-दोन मिनिटं थांबून, बोलून, बघून, पुढचं अर्धा ते एक मिलिग्रॅम. हवा तो परिणाम दिसला की थांबायचं. एकूण डोस बहुधा २ ते ७.५ मिलिग्रॅमच्या दरम्यान राहतो. वृद्धांना सुरुवातच अर्ध्या ते एक मिलिग्रॅमने, थांबायचं जास्त वेळ, आणि एकूण ३.५ च्या पुढे सहसा नाही. हे थांबणंच सगळ्यात मोलाचं आहे. औषध मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो. "अजून काही होत नाहीये" म्हणून घाईने पुढचा डोस दिला की दोन्ही एकदम चढतात. याच औषधाच्या कुप्या मिलिलिटरला १ आणि ५ मिलिग्रॅम अशा दोन तीव्रतांच्या मिळतात. त्यांची अदलाबदल झाली तर पाचपट डोस जातो. म्हणून सिरिंजवर नाव आणि तीव्रता लिहिलेली असलीच पाहिजे.

पापण्या अर्ध्यावर येतात, बोलणं ओढल्यासारखं होतं, उत्तर द्यायला उशीर लागतो. आता हिरडीत इंजेक्शन. उत्तम गुंगी साधारण अर्धा ते पाऊण तास टिकते, म्हणून जाणते डॉक्टर अवघड काम आधी उरकतात आणि टाके, साफसफाई शेवटाला ठेवतात. तोंड उघडं राहायला रबरी ठोकळा लावतात.

काय बिघडू शकतं, आणि का

श्वास मंदावणं ही पहिली आणि खरी काळजी. ऑक्सिमीटरवर भरवसा ठेवून बसता येत नाही, कारण श्वास थांबल्यावर बोटातला आकडा उशिरा खाली येतो. नाकाला ऑक्सिजनची नळी असेल तर आणखीच उशिरा. श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र ते लगेच सांगतं, आणि ते नसेल तर छातीकडे बघणारा, रुग्णाशी बोलत राहणारा माणूस सांगतो. पहिला उपाय साधा असतो: हाक मारून खोल श्वास घ्यायला सांगणं, हनुवटी वर उचलणं, घशातलं पाणी सक्शनने काढणं, ऑक्सिजन वाढवणं. तरी जमलं नाही तर पिशवी-मास्कने श्वास आणि मग उतारा. फ्लुमाझेनिल ०.२ मिलिग्रॅमने सुरू करून दर मिनिटाला ०.१ असं, एकूण १ मिलिग्रॅमपर्यंत देतात. त्याचा परिणाम मिडाझोलामच्या आधी संपतो, त्यामुळे गुंगी परत चढू शकते. उतारा दिलेल्या रुग्णाने 'आता छान जाग आली' म्हणून लवकर घरी जाऊ नये. उतारा संकटासाठी आहे, पुढच्या रुग्णासाठी खुर्ची रिकामी करायला नाही.

धोका वाढतो तो बहुधा दोन औषधं एकत्र दिल्यावर. मिडाझोलामबरोबर फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक दिलं की श्वास दोन्हींच्या बेरजेपेक्षा जास्त मंदावतो. प्रोपोफॉल हे भुलीचं औषध तर गुंगीतून पूर्ण भुलीत काही क्षणांत नेऊ शकतं. यातलं काही वापरणार असतील तर समोर भूलतज्ज्ञच हवेत.

काहींना शांत होण्याऐवजी चिडचिड, रडू, हातपाय झाडणं होतं. अशा वेळी डोस वाढवणं चूक, काम थांबवणं बरोबर. उचकी लागते, ती त्रासदायक पण निरुपद्रवी. सुईच्या जागी काळंनिळं होणं आठवडाभरात जातं. लाल, कडक, दुखरी शीर हाताला लागली तर दाखवा.

पायरी ७: घरी जाताना आणि पुढचे २४ तास

शेवटच्या डोसनंतर निदान एक तास तिथेच थांबा. आधाराशिवाय सरळ चालता येतंय, रक्तदाब आणि ऑक्सिजन पहिल्यासारखे आहेत, हे बघूनच सोडावं. हातातली सुई सर्वांत शेवटी काढावी.

रुग्ण अगदी नीट बोलतो आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं एक वाक्य आठवत नाही. म्हणून सूचना रुग्णाला सांगून उपयोग नाही. त्या कागदावर, सोबतच्या माणसाच्या हातात, आणि शक्यतो औषध देण्याआधी द्याव्यात.

२४ तास गाडी, गॅसजवळचा स्वयंपाक, यंत्रावरचं काम, मद्य, महत्त्वाच्या सह्या आणि फोनवरून पैसे पाठवणं बंद. तान्ह्या बाळाला त्या रात्री शेजारी घेऊन झोपू नये, बाळाची जबाबदारी दुसऱ्याने घ्यावी. सर्दी-ॲलर्जीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, कोडीनचं खोकल्याचं औषध आणि दुखण्यावरचं ट्रामाडॉल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. दात काढला असेल तर कापसाचा बोळा किती वेळाने काढायचा, ते नातेवाइकाने घड्याळ लावून लक्षात ठेवायचं. बोळा तोंडात असताना रुग्णाला झोपू द्यायचं नाही. ओठ बधिर असेपर्यंत गरम चहा नको, भाजलेलं आणि चावलेलं कळत नाही. झोपवताना डोकं थोडं उंच आणि कुशीवर. पहिल्या रात्री मधून मधून हाक मारून बघा.

हाक मारून, हलवून नीट जाग येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा श्वास अडखळत, घुरघुरत असेल, तर क्लिनिकच्या फोनची वाट न बघता १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात आणि गोव्यात हीच सेवा आहे. घट्ट चावून धरलेल्या कापसानेही अर्ध्या तासात रक्त थांबत नसेल तर डॉक्टरांना लगेच कळवा.

निघण्याआधी एक कागद मागून घ्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा: कोणतं औषध, एकूण किती मिलिग्रॅम, किती वाजता, हिरडीतल्या इंजेक्शनचे किती डोस, ऑक्सिजन सर्वांत कमी किती झाला. पुढच्या वेळी डॉक्टर वेगळे असले तरी त्यांना तुमचा डोस अंधारात शोधावा लागणार नाही. पहिल्या भेटीत गुंगीत सगळ्यात अवघड काम उरकून घ्या, आणि पुढचं छोटं फिलिंग किंवा साफसफाई नुसत्या हिरडीच्या इंजेक्शनवर करून बघायचं डॉक्टरांशी ठरवा.